नेलपॉलिशचा कीबोर्ड

मी कंप्युटर दुरुस्त करत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बसवकल्याणात अजूनही भाजी घेताना कुणीतरी थांबवतं आणि म्हणतं, "बाई, आमचा कंप्युटर मेलाय, जरा बघता का?" मेलेला कंप्युटर उघडून त्यात जीव घालणारे दोघे-तिघे गावात आहेत. माझं काम मशीन जिवंत झाल्यावर सुरू होतं. अक्षरं बारीक दिसतात, माउस सैरावैरा पळतो, स्पीकर मुका आहे, प्रिंटर दिवा दाखवतो पण कागद देत नाही, अशा घरी मी जाते. मशीन आणि माणूस यांचं जमवून द्यायचं, एवढंच माझं काम. लग्न जमवणाऱ्यांपेक्षा मला यश जास्त आहे.

या कामावर पोट भरता येईल असं मलाही वाटलं नव्हतं. मी उमरग्याची. लग्न होऊन इथं, कर्नाटकात आले. डिप्लोमा झालेला, म्हणून एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवत होते. दोन हजार चारच्या सुमारास मालकानं क्लास मोडून मोबाइलचं दुकान टाकलं आणि मला म्हणाला, "बाई, काउंटरला उभं राहा." मी उभी राहिले नाही. स्कूटी होती, एक पिशवी होती, पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, दोन माउस, केबली आणि विंडोजच्या जागी फुकट चालणाऱ्या लिनक्सच्या सीड्या. त्या सीड्या तेव्हा मागवल्या की परदेशातून टपालानं फुकट यायच्या. आमचा पोस्टमन प्रत्येक वेळी पाकीट उलटं-सुलटं करून विचारायचा, "बाई, परदेशात कोण हाय तुमचं?" कुणी नाही म्हटलं की त्याला खोटं वाटायचं.

लिनक्स आमच्या भागात आलं ते पोरांमुळे. मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला लागायचा. त्याच्या ऑफिसातले जुने कंप्युटर स्वस्तात निघाले की एक गावी आणून द्यायचा. त्यावर फुकट मिळतं आणि व्हायरस लागत नाही म्हणून लिनक्स टाकायचा, आई-वडिलांना दोन दिवस घाईघाईनं शिकवायचा आणि रविवारच्या बसनं परत. मागं उरायचे आई-वडील आणि एक रुसलेला प्रिंटर.

प्रिंटर कशानं रुसतो ते सांगते. कंप्युटरला बाहेरून जोडलेलं प्रत्येक यंत्र आपली वेगळी बोली बोलतं. मधे एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तेव्हा प्रिंटर बनवणारे लिनक्ससाठी दुभाषा देतच होते असं नाही. मग मिळताजुळता शोधायचा आणि त्याच्यावर भागवायचं. इतर ठिकाणी ही गोष्ट समजावताना लोकांना कष्ट पडत असतील. आमच्याकडे पडत नाहीत. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, अशी आम्ही सगळीच माणसं दिवसभर दुभाष्याचं काम करतो.

माझी कामाची पद्धत ठरलेली होती. सगळं लावून झालं की मी हात मागं बांधून उभी राहायची आणि घरच्या माणसानं तेच काम तीनदा करून दाखवायचं. मग त्यानं पडद्यावर स्वतःच्या हातानं काहीतरी काढायचं, ते छापायचं. त्या कागदाच्या पाठीवर मी सगळी नोंद करायची: अक्षरं किती मोठी केली, माउस किती हळू केला, कोणता ड्रायव्हर घातला. कागद माझ्या फाइलीत. पुढच्या वेळी फोन आला की कागद काढला की झालं. या फाइलीत गावातल्या बऱ्याच लोकांनी काढलेली फुलं, झेंडे आणि मांजरं आहेत.

गिऱ्हाईकंही एकेक. खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं प्रत्येक यंत्र पुजतात. शिवणयंत्र, मोटर, मोटरसायकल, आणि आता कंप्युटर. त्यामुळे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा फोन थांबत नाही. मुडबीच्या एका घरी माउस हलेना. उलटा करून बघितला तर तळाशी जो लाल दिवा असतो, त्यावर हळद, त्यावर कुंकू, त्यावर एक तांदूळ.

"इथं कामून लावलं काकू?" मी विचारलं.

"मग? जिथं उजेड हाय तिथंच लावणार की."

"तो त्याचा डोळा आहे. डोळ्यात कुंकू घालतात का? कपाळाला लावा."

"आता उंदराचं कपाळ कुठं असतंय ते तूच दाव."

मी दोन बटणांच्या वरची जागा दाखवली. त्या घरचा माउस पुढं कधी बिघडला नाही.

खजुरीच्या एका शेतकऱ्याला पडद्यावर आपल्या बैलाचा फोटो हवा होता. तो मी लावून दिला. दुसऱ्या दिवशी फोन. "बाई, माझ्या राजाच्या शिंगावर ही बारकी बारकी चित्रं कामून ठिवलीत? काढा." ती बारकी चित्रं म्हणजे त्यांच्या मुलाच्या कामाच्या फायली. मी त्या सगळ्या बैलाच्या पोटाखाली ओळीत लावल्या. मग मुलाचा फोन आला, "अक्का, माझ्या फायली कुठं गेल्या?" म्हटलं, "पोटाखाली बघ." असले झगडे मी पुष्कळ मिटवलेत.

पण एका घरी मी साफ चुकले. तीन वेळा जाऊन चुकले, आणि स्वतःची पाठ थोपटत चुकले. ते सांगते.

गुरुपादप्पा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. पंच्याहत्तरी ओलांडलेली. कपाळाला तीन बोटं विभूती, अंगात पांढरा नेहरू शर्ट. मी गेले त्याच्या दोन वर्षं आधी त्यांना झटका आला होता. उजवा हात गेला, बोलणं गेलं. तोंडातून फक्त "हूं" यायचं, आणि ते हो होतं की नाही हे ज्याला जसं सोयीचं तसं. त्यांची बायको शांतक्का त्यांचं सगळं करायच्या: उठवणं, धुणं, भरवणं. एकुलता मुलगा शिवराज पुण्याला. त्यानंच कंप्युटर आणून ठेवला होता आणि त्यानंच मला फोन केला.

"मॅडम, दिवाळीनंतरच्या रविवारी मी दोघांना पुण्याला घेऊन येणार. घर भाड्यानं देणार. पण डॉक्टर म्हणतात, अप्पांना कदाचित सगळं समजत असेल. समजत असेल तर त्यांना विचारून न्यायला हवं. नसेल तर प्रश्नच नाही. डाव्या हातानं काही टाइप करतात का, तेवढं बघा."

म्हणजे माझ्याकडे दोन आठवडे होते.

पहिल्या खेपेला मी माझं नेहमीचं केलं. माउस डावीकडे घेतला, त्याची बटणं उलटी केली, वेग अगदी कमी. अक्षरं बोराएवढी. कीबोर्डला एक सोय असते: बटण थोडा वेळ दाबून धरलं तरच अक्षर उमटतं. कापऱ्या हाताला ती फार उपयोगी, नाहीतर एका स्पर्शात पाच 'क' पडतात. तीही लावली. आणि भाषा? चाळीस वर्षं कन्नडमध्ये फायली लिहिलेला माणूस, म्हणून कन्नड. घरी मराठी, म्हणून दुसरी मराठी. कीबोर्डवर दोन्ही अक्षरांची स्टिकरं चिकटवली. ती मी खास गुलबर्ग्याहून आणली होती.

अप्पांनी स्टिकरांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग खिडकीबाहेर.

दुसऱ्या खेपेला मी त्यांना चित्रं काढायचा प्रोग्राम उघडून दिला. निदान माउस तरी हातात बसेल. ते प्रत्येक वेळी बाण पडद्याच्या पार उजव्या टोकाला न्यायचे आणि तिथून सुरुवात करायचे. डावीकडची सगळी चित्रं तशीच, त्यांना हातच लावायचे नाहीत. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. झटक्यानंतर काहींना एका बाजूचं दिसत नाही, हे मी कुठंतरी वाचलं होतं. अप्पांना डावीकडचं दिसत नाही! मी सगळी चित्रं, पट्ट्या, घड्याळ उचलून उजवीकडे नेलं आणि शांतक्कांना हे मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं.

शांतक्का म्हणाल्या, "ताटातली डावीकडची चटणी तर बरोबर दिसती की त्यांना."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या धंद्यातला मोठा दोष हाच, की मशीनचं सगळं ऐकते आणि घरच्या बाईचं अर्धं.

तिसऱ्या खेपेला अप्पांनी पडद्यावर वाकड्यातिकड्या रेघा काढल्या, वर-खाली ठिपके दिले, आणि बोट पडद्यावर आपटायला लागले. मी म्हणाले, "छान झालं हं अप्पा."

त्यांनी माउस टेबलावर आदळला.

"ऱ्हाऊ दे बाई," शांतक्का म्हणाल्या. "लेकरावानी रेघोट्या वडायलेत. आधी पेन देऊन बी असंच झालं. तुझा बी येळ जायलाय आन त्यांचा बी."

प्रिंटर तपासायचा म्हणून मी त्या रेघोट्या छापल्या, पाठीवर नोंद केली, कागद पिशवीत टाकला आणि घरी आले. शिवराजला फोन करून सांगायचं होतं की काही होण्यासारखं नाही. संध्याकाळी करू म्हणून ठेवला.

आमच्या गल्लीत समोर रझिया बाजी राहतात. उर्दू शाळेत बाई. आमचा दुपारचा चहा एकत्र असतो, एक दिवस त्यांच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. त्या दिवशी माझ्याकडे होता. मी गाळणी शोधत होते आणि बाजी टेबलावरचे कागद चाळत होत्या.

"सुरेखा, ये किसने लिखा?"

"काय?"

"ये. हाथ कितना काँपा जी इनका. मगर लिखाई पक्की है. पुराने लोगां की."

मी गाळणी हातात घेऊन बाहेर आले. त्यांच्या हातात अप्पांच्या रेघोट्या होत्या.

"बाजी, हे लिहिलंय?"

"तो क्या बेल बूटे हैं? देखो." त्यांनी कागदावर उजवीकडून डावीकडे बोट फिरवलं. "यहीं. फिर नीचे, यहीं. फिर यहीं. तीन बार एकच लफ्ज. इथंच. कौन है ये बिचारा? कहाँ रहना मंगता?"

मी खुर्चीवर बसले. चहा उतू गेला तो गेलाच.

आता विचार केला तर यात आश्चर्य काहीच नव्हतं. अप्पा शाळेत गेले तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं आणि शाळा उर्दूत. घरी मराठी बोलणारा, विभूती लावणारा मुलगा हातानं लिहायला शिकला ते उर्दूच. कन्नड त्यांनी नोकरीसाठी पुढं मोठेपणी घोटलं. गावातली जुनी कागदपत्रं वाचून घ्यायला लोक त्यांच्याकडेच जायचे, हे मलाही माहीत होतं, शिवराजलाही, शांतक्कांनाही. पण विभूतीकडे बघून कुणाला उर्दू आठवत नाही. झटक्यात नंतरचं सगळं पुसलं गेलं आणि पहिलं तेवढं राहिलं, असं काहीतरी झालं असावं. मी डॉक्टर नाही. मला एवढंच कळलं, की ज्याची ओळ उजवीकडून सुरू होते तो माणूस बाण उजवीकडेच नेणार. डोळे त्यांचे चांगले होते. दिसत नव्हतं मला.

रविवारला तीन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी बाजी शाळा सुटल्यावर थेट माझ्याबरोबर आल्या. लिनक्समध्ये उर्दू कीबोर्ड आधीपासून असतो, तो मी लावला. उर्दू लिहायला घेतलं की ओळ आपोआप उजवीकडून सुरू होते. मला वाटलं, झालं काम. अप्पांनी पडद्यावरची अक्षरं बघितली आणि कपाळाला आठी घातली.

"ये तो अरबी सरीकी दिखरी," बाजी म्हणाल्या. "सीधी-सीधी. हमारी लिखाई तिरछी उतरती."

मग नेटकॅफेत जाऊन तिरक्या वळणाचा फॉन्ट पेनड्राइव्हवर आणला. आता स्टिकरं. उर्दूची स्टिकरं गुलबर्ग्यात मिळाली असती, पण जायला वेळ कुणाला होता? बाजींनी लेकीची पांढरी नेलपॉलिश मागवली, आगपेटीची काडी घेतली, माझी महागाची स्टिकरं नखानं उपटून काढली आणि एकेका बटणावर एकेक अक्षर काढत बसल्या. अप्पा शेजारी बसून बघत होते. एका ठिकाणी बाजींचा ठिपका चुकला तर त्यांनी "हूं!" केलं. ते "हूं" काय होतं ते सगळ्यांना कळलं.

नेलपॉलिश वाळली. बाजी उभ्याच होत्या. म्हणाल्या, "अप्पा, क्या बोलना है आपको? लिखो."

अप्पांचं डावं बोट निघालं. एक अक्षर, मग थांबणं, मग दुसरं. पाच-सहा मिनिटं गेली असतील. बाजींनी वाचलं आणि पदर डोक्यावर नीट घेऊन खुर्ची ओढली.

"काय लिहिलंय?" शांतक्का म्हणाल्या.

"बैठिए. मेरेकू बोलरे."

शांतक्कांनी तोंडाला पदर लावला आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळानं चहा घेऊन आल्या तेव्हा नाक लाल होतं. "मला दोन वर्षं यांनी बस म्हटलं न्हाई," एवढंच म्हणाल्या.

रविवारी शिवराज बायकोला घेऊन भाड्याच्या गाडीनं आला. मी आणि बाजी आधीच जाऊन बसलो होतो. मी सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, पण मान हलवत नव्हता.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "अप्पा बोट फिरवतात, वाचतात बाजी. आम्हाला कुणाला उर्दू येत नाही. बाजींच्या मनात चांगलंच असेल. पण हे अप्पा बोलतायत की बाजी, हे मी कशावरून समजू?"

बाजींचा चेहरा उतरला. मला राग आला, पण खरं सांगायचं तर त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

"मग असं काही विचार जे बाजींना माहीत असणं शक्य नाही," मी म्हणाले.

त्यानं जरा विचार केला. अप्पांच्या समोर उकिडवा बसला. "अप्पा, मी सातवी पास झालो तेव्हा तुम्ही मला काय आणलं होतं?"

अप्पांनी मुलाकडे बघितलं. मग बोट चालायला लागलं. मधेच त्यांनी एक अक्षर खोडलं, पुन्हा लिहिलं. शिवराजची बायको नवऱ्याच्या मागं येऊन उभी राहिली. अखेर अप्पांनी हात मांडीवर ठेवला.

बाजी पडद्याकडे झुकल्या. वाचलं, आणि सुनेकडे बघितलं.

"काय?" शिवराज म्हणाला.

"मैं नहीं बोलती जी. तुम्हारी बीवी खडी है."

"बोला हो बाजी."

"लिखे हैं... सातवीं में दो बार फेल."

शांतक्का अशा हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. सून नवऱ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही तर मला वर्गात पहिला होतो म्हणून सांगितलंवतं." शिवराज कानापर्यंत लाल. अप्पांचा अर्धा चेहरा हलत नव्हता, पण उरलेला अर्धा पुरेसा होता.

शिवराज उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. "अप्पा, पुण्याला येता का इथंच राहता?"

या उत्तराला दोन मिनिटंही लागली नाहीत. बाजींनी वाचायच्या आधी मीच ओळखलं. फाइलीतल्या कागदावर तीन वेळा बघितलेला शब्द होता तो.

"ठीक," शिवराज म्हणाला. "घर भाड्यानं द्यायचं नाही. अप्पा इथंच राहतील. आई आहेच."

मी पिशवी उचलली. माझं काम झालं होतं. तेवढ्यात दारातून शांतक्कांचा आवाज आला.

"आई हाय, ते कुणाला इचारलास?"

सगळे वळले.

"अप्पाला इचारलास. कंप्युटरला इचारलास. माझं तोंड तर धड हाय ना? मला कुणी इचारलं का? दोन वर्षं झाली, मी या उंबऱ्याभायेर पडले न्हाई. मला यायचंय पुण्याला. कायमचं न्हाई. म्हैनाभर. नातवाला बघायचंय, आयतं खायचंय."

खरं सांगते, त्या दोन आठवड्यांत मलाही हा प्रश्न सुचला नव्हता. अप्पांना काय हवंय हे शोधायला मी अख्खा कीबोर्ड बदलला. आणि ज्यांना विचारायला काहीच जोडावं लागत नव्हतं, त्या प्रत्येक खेपेला मला चहा करून देत होत्या.

अप्पांनी टेबलावर बोट वाजवलं. सगळे पडद्याकडे वळले. बाजींनी वाचलं, "जाने दो."

"तुझ्या आईला धाड आन तू ऱ्हा," शांतक्का मुलाला म्हणाल्या. "बाप धुता येतोय का बघ."

पोरगा वाईट नव्हता. तिथल्या तिथं ऑफिसला फोन लावून त्यानं पंधरा दिवसांची रजा काढली. महिन्याचे पंधरा दिवस झाले, पण शांतक्कांनी घासाघीस केली नाही. तासाभरात त्यांनी बोचकं बांधलं, लुगडं बदललं, औषधं कुठली कधी द्यायची ते शिवराजला तीनदा म्हणून दाखवायला लावलं. माझीच पद्धत. मग अप्पांच्या विभूतीला बोट लावून ते आपल्या कपाळाला टेकवलं आणि सुनेबरोबर गाडीत जाऊन बसल्या.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली तेवढ्यात आतून टेबल वाजलं. जोरात, दोनदा, तीनदा. शिवराज धावत आत गेला, बाजी गेल्या. मी गाडीपाशी उभी. शांतक्कांनी खिडकीची कड घट्ट धरली होती. "काय झालं? काय लिव्हायलेत?" अप्पांचं बोट किती हळू चालतं ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "थांबा जरा." गाडी तशीच सुरू. मला वाटलं, आता या उतरणार.

बाजी दारात आल्या. चेहरा कसा ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं.

"पूछरे," त्या म्हणाल्या, "सुपारी का डिब्बा कहाँ छुपाया?"

डॉक्टरांनी सुपारी बंद केली त्या दिवशी शांतक्कांनी तो डबा उचलून ठेवला होता. त्याला दोन वर्षं झाली होती.

"सांगत न्हाई म्हणा!" त्या ओरडल्या, आतपर्यंत ऐकू जाईल अशा. मग ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. "चल रे बाबा. आता काय ते लिवत बसू दे."